आकाशचित्रांचे रसग्रहण

कवितेचे रसग्रहण करावे, नाटकाचे परीक्षण लिहावे, फार झाले तर एखाद्या चित्रप्रदर्शनाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आमच्या मराठी टीकेची वहिवाट आहे. आकाशाच्या छायाचित्रांवर टीका लिहावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो शास्त्रज्ञांचा प्रांत. तेथे साहित्याच्या टीकाकाराने कशाला डोकवावे, असे कोणी म्हणेल. परंतु गेल्या तीस वर्षांत सामान्य माणसाच्या कल्पनाशक्तीचा ज्या चित्रांनी सर्वाधिक कब्जा घेतला, ती कोणा चित्रकाराने रंगविलेली नाहीत. ती अंतराळातल्या दुर्बिणींनी घेतलेली आहेत. शाळेच्या भिंतीवर ती आहेत, मुलांच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर आहेत, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तर आहेतच. जी वस्तू घराघरांत शिरते आणि लहानथोरांच्या मनावर संस्कार करते, तिची पारख करणे हे टीकेचे कामच आहे. म्हणून मी हा उपद्व्याप करीत आहे. ही चित्रे सुंदर आहेत याविषयी दुमत नाही. माझा प्रश्न निराळा आहे : ती खरी आहेत काय? आणि खरी असतील तर कोणत्या अर्थाने?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुर्बिणीतला कॅमेरा रंगीत चित्र काढीत नाही. तो फक्त उजेड मोजतो. निरनिराळ्या रंगांचे फिल्टर पुढे धरून एकाच तुकड्याची अनेक काळी-पांढरी चित्रे घेतली जातात आणि मग त्यांना रंग देऊन ती एकावर एक बसवली जातात. हबल दुर्बिणीच्या बाबतीत निदान यातला बराचसा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसणारा असतो. जेम्स वेब दुर्बीण मुख्यतः अवरक्त प्रकाश टिपते, आणि तो माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही. त्यात ज्या लहरी सर्वांत लांब, त्यांना तांबडा रंग. ज्या सर्वांत आखूड, त्यांना निळा, असा संकेत ठरवून ते चित्र आपल्या डोळ्यांच्या भाषेत आणले जाते. म्हणजे हे सरळसरळ भाषांतर आहे. भाषांतर म्हटले की ते खोटे ठरत नाही. संस्कृत काव्याचे मराठी रूपांतर आपण आनंदाने वाचतोच. मात्र मूळ काय होते आणि भाषांतरकाराने पदरचे काय घातले, हे जाणून वाचणे वेगळे आणि भाषांतरालाच मूळ समजून बसणे वेगळे.

या दृष्टीने पहिले चित्र घेऊ ते १९९५ सालचे. हबल दुर्बीण १९९० मध्ये अवकाशात गेली. तिच्या आरशाच्या घडणीत दोष निघाला आणि १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन तिला जणू चष्मा लावला, ही हकिकत सर्वश्रुत आहे. त्यानंतर दोन वर्षांनी बाल्टिमोर येथील संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी एक धाडस केले. संचालक म्हणून स्वतःच्या अखत्यारीत असलेला दुर्बिणीचा मोलाचा वेळ त्यांनी सप्तर्षींजवळच्या, जवळजवळ काहीच दिसत नसलेल्या एका तुकड्यावर खर्च करावयाचे ठरवले. जॉन बाकॉल यांच्यासारख्या मातब्बर ज्योतिर्विदाला त्यातून फारसे काही हाती लागेल असे वाटत नव्हते. १८ ते २८ डिसेंबर १९९५ असे सलग दहा दिवस दुर्बीण त्या रिकाम्या जागेकडे एकटक पाहत राहिली. ३४२ वेळा तिने पापणी उघडली. हात लांब करून धरलेल्या वाळूच्या कणाने झाकला जाईल एवढ्याशा त्या जागेत सुमारे ३००० दीर्घिका निघाल्या. आणि दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे अब्जावधी ताऱ्यांचे एकेक स्वतंत्र विश्व.

टीकाकार म्हणून मला हे चित्र अतिशय प्रामाणिक वाटते. त्याचे एक कारण त्याच्या चौकटीत आहे. ते चित्र चौकोनी नाही. त्याचा एक कोपरा जिन्याच्या पायरीसारखा कापलेला आहे. कॅमेऱ्यात चार भाग होते. त्यांतला एक अधिक बारीक पाहणारा, पण लहान जागेपुरता होता. म्हणून तो कोपरा रिकामा राहिला. कोणाही सजावटकाराने तो भरून काढला असता किंवा चित्र कातरून चौकोनी केले असते. त्यांनी तसे केले नाही. दुसरे कारण असे की विल्यम्स यांनी हे निरीक्षण स्वतःच्या कपाटात न ठेवता थोड्याच दिवसांत जगातल्या सर्व शास्त्रज्ञांना खुले केले. ज्याला शंका असेल त्याने स्वतः मोजून पाहावे, असा त्याचा अर्थ. चित्राच्या मागे असा मोकळेपणा असला की त्याच्या रंगांवर विश्वास ठेवावयास मन तयार होते.

आता दुसरे चित्र. वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी उडाली. तिचा आरसा साडेसहा मीटरचा, सोन्याचा मुलामा दिलेल्या १८ षट्कोनी तुकड्यांचा; आणि तिचा मुक्काम पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर. २०२२ च्या जुलैत तिचे पहिले खोल चित्र प्रसिद्ध झाले. हबलला त्या पहिल्या चित्रासाठी दहा दिवस लागले होते. वेबला या चित्रासाठी साडेबारा तास पुरले. चित्रात मधोमध दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे. त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे मागच्या दीर्घिकांचा प्रकाश वाकतो आणि त्या लांबट, कमानदार होऊन दिसतात. बांगडीचे तुकडे मखमलीवर उधळावेत तसे ते दृश्य आहे. निसर्गाने स्वतःच तेथे एक भिंग धरले आहे.

पण त्या चित्रात सर्वांत आधी डोळ्यांत काय भरते? आठ काट्यांच्या लखलखीत चांदण्या. आपल्या घरचा आकाशकंदीलच जणू. आता गंमत अशी की त्या चांदण्या आपल्याच आकाशगंगेतले जवळचे तारे आहेत आणि ते काटे ताऱ्यांचे नाहीतच. आरशाचे षट्कोनी तुकडे आणि पुढचा आरसा तोलून धरणाऱ्या दांड्या यांच्यामुळे प्रकाश फाकतो व काटे उमटतात. ती दुर्बिणीची स्वाक्षरी होय. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या दूरच्या दीर्घिका मात्र मागे फिकट तांबड्या ठिपक्यांच्या रूपाने मुकाट बसलेल्या असतात. नाटकात पडदा ओढणाऱ्यालाच टाळ्या मिळाव्यात तसा हा प्रकार आहे.

त्या तांबड्या ठिपक्यांचीच खरी कथा आहे, आणि वादही तेथेच आहे. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश वाटेत ताणला जातो व तांबड्याकडे सरकतो. शास्त्रज्ञ याला ताम्रसृती म्हणतात. जितकी ती अधिक तितकी दीर्घिका दूरची, म्हणजेच आपण तिला तितक्या जुन्या काळी पाहत आहोत. ही ताम्रसृती काढण्याच्या दोन रीती आहेत. एक झटपट : चार-सहा फिल्टरांतून दीर्घिका किती उजळ दिसते ते पाहावे आणि कोणत्या फिल्टरात ती नाहीशी होते त्यावरून अंदाज बांधावा. दुसरी रीत कष्टाची : तिच्या प्रकाशाचा वर्णपट घ्यावा, त्यातल्या हायड्रोजन, ऑक्सिजन यांच्या रेषा ओळखाव्यात आणि त्या मूळ जागेपासून किती सरकल्या ते मोजावे. वर्णपटाच्या आलेखात पाहण्यासारखे काही नसते. एक खालीवर होणारी रेषा, इतकेच. तो कोणी वहीच्या पुठ्ठ्यावर छापणार नाही. पण साक्षीदार म्हणून शपथेवर उभा राहतो तो तोच.

याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. २०२२ मध्ये वेबच्या चित्रांत ‘सीअर्स-९३३१६’ या क्रमांकाची एक दीर्घिका सापडली. फिल्टरांच्या अंदाजाने तिची ताम्रसृती १६.४ निघाली. म्हणजे महास्फोटानंतर अवघ्या २३-२४ कोटी वर्षांची ती दीर्घिका, त्या घटकेची सर्वांत दूरची. पुढे २०२३ मध्ये तिचा वर्णपट घेतला गेला आणि ताम्रसृती निघाली ४.९! ती त्या मानाने बरीच जवळची, धुळीने माखलेली दीर्घिका होती. तिच्या वर्णपटातल्या तेजस्वी रेषा नेमक्या अशा फिल्टरांत पडल्या होत्या की तिने दूरच्या दीर्घिकेचे सोंग हुबेहूब वठवले. त्याच निरीक्षणांत दुसऱ्या एका दीर्घिकेची परीक्षा झाली आणि तिची ताम्रसृती ११.४ असल्याचे शाबीत झाले. ती खरोखरीच महास्फोटानंतर सुमारे ३९ कोटी वर्षांची होती. एकीचे सोंग उघडे पडले, दुसरीची जात सिद्ध झाली. चित्रात दोघीही सारख्याच तांबड्या ठिपक्यांसारख्या होत्या.

येथे आपल्या वृत्तपत्रांविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात सहा अवजड दीर्घिकांविषयी एक निबंध आला. महास्फोटानंतर ६०-७० कोटी वर्षांत इतके तारे गोळा होणे प्रचलित गणितात बसत नव्हते. लगोलग जगभर मथळे झळकले : विश्वाचा सिद्धांत कोसळला! त्या निबंधाच्या शीर्षकातच एक शब्द होता, त्याचा अर्थ ‘उमेदवार’. या उमेदवार दीर्घिका आहेत, असे लेखक स्वच्छ म्हणत होते. मथळे लिहिणाऱ्यांनी नेमका तेवढाच शब्द गाळला. निवडणुकीला उभा राहिलेला प्रत्येक उमेदवार निवडून येतोच असे नाही, हे आपल्या लोकांना मी सांगावयास नको. पुढे त्या सहांपैकी एकीचा वर्णपट घेतला गेला. ती अंदाजापेक्षा जवळची निघाली आणि तिच्या उजेडात एका कृष्णविवराचा हात असल्याचे दिसले. अशा लहान, तांबड्या ठिपक्यांची आता वेगळी जातच मानली जाते. ते दाट वायूच्या कोशात गुंडाळलेली कृष्णविवरे असावेत, असा तर्क २०२५ मध्ये काही संशोधकांनी मांडला. वाद चालू आहे. तो चालू असणे हेच त्या शास्त्राच्या प्रकृतीचे लक्षण होय.

‘कृष्णविवर’ या शब्दाचीही थोडी झडती घेतली पाहिजे. शब्द मोठा डौलदार आहे. परंतु विवर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोकळी येते, आणि ही वस्तू पोकळीच्या अगदी उलट आहे. तेथे पदार्थ इतका दाटलेला असतो की प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. मग लेखक मंडळी तिला राक्षस करतात, ती आजूबाजूचे सारे गिळंकृत करते असे लिहितात. उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले तर पृथ्वी गिळली जाणार नाही. ती अंधारात, पण आपल्या नेहमीच्याच कक्षेत फिरत राहील. या विषयाला मराठी कथेत प्रतिष्ठा देणारे जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ याच नावाची कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने धाडली होती आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले होते. शास्त्र नेमके ठेवून गोष्ट रंगवता येते, हे त्यांनी दाखवून दिले. राक्षस उभे करण्याची गरज त्यांना भासली नाही.

तिसरे चित्र या कृष्णविवरांचेच आहे, आणि माझ्या मते या मालिकेतले ते सर्वांत नाट्यपूर्ण आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात ते प्रसिद्ध झाले. वेबने टिपलेला अवरक्त प्रकाश आणि चंद्रा दुर्बिणीने टिपलेले क्ष-किरण यांचा त्यात मिलाफ केला आहे. ‘आबेल २७४४’ नावाचा दीर्घिकांचा प्रचंड समूह मध्ये आहे. त्याच्या नैसर्गिक भिंगामुळे मागची ‘यूएचझेड-१’ ही दीर्घिका सुमारे चौपट उजळून दिसली. महास्फोटानंतर सुमारे ४७ कोटी वर्षांची ती दीर्घिका. आणि तिच्या पोटात, क्ष-किरणांवरून पाहता, १ ते १० कोटी सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर! आपल्या शेजारच्या दीर्घिकांत मधले कृष्णविवर ताऱ्यांच्या एकूण वजनाच्या सुमारे हजाराव्या हिश्शाचे असते. येथे ते साऱ्या ताऱ्यांच्या तोडीचे ठरते.

हे महत्त्वाचे का, ते व्यवहाराच्या भाषेत सांगता येईल. कृष्णविवराची वाढ चक्रवाढ व्याजासारखी असते. मुद्दल लहान असेल तर मोठी रक्कम व्हावयास फार काळ लागतो. ताऱ्याच्या अंतातून जन्मणाऱ्या कृष्णविवराचे मुद्दल दहा-शंभर सूर्यांचे. त्यातून खाण्याच्या वेगालाही मर्यादा आहे. आत पडणारा वायू इतका तापतो की त्याचाच प्रकाश मागून येणाऱ्या वायूला बाहेर रेटतो. एवढ्या थोड्या काळात एवढी रक्कम जमली, तर मुद्दलच मोठे असले पाहिजे, असे एक मत आहे. वायूचा प्रचंड मेघ तारे न बनवता थेट कोसळून दहा हजार ते एक लाख सूर्यांचे बीज तयार झाले असावे, हे ते मत. कोइमतूर येथे जन्मलेल्या आणि येल विद्यापीठात संशोधन करणाऱ्या प्रियंवदा नटराजन या मताच्या प्रमुख पुरस्कर्त्या. अशा दीर्घिका सापडल्या तर त्या कशा दिसतील, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्येच लिहून ठेवले होते. आधी लिहून ठेवायचे आणि मग आकाशाने होकार देतो की नकार, याची वाट पाहायची, यालाच मी धैर्य म्हणतो.

आणि येथे इतिहासाने एक विनोद केला आहे. खाण्याच्या वेगाची ती मर्यादा आर्थर एडिंग्टन यांच्या नावाने ओळखली जाते. आणि क्ष-किरण टिपणाऱ्या दुर्बिणीला नाव आहे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे. सूर्याच्या सुमारे १.४ पटीहून अधिक वजनाचा थिजलेला तारा शांत पडून राहू शकत नाही, असे चंद्रशेखरांचे गणित सांगत होते. १९३५ च्या जानेवारीत लंडनच्या सभेत एडिंग्टन यांनी त्याची भर सभेत टर उडवली. चोवीस वर्षांचा तो तरुण खचला, पण त्याने गणित मागे घेतले नाही. १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज एकाच दीर्घिकेच्या चर्चेत दोघांची नावे शेजारी शेजारी येतात. एडिंग्टन यांचे जे बरोबर होते ते टिकले, जे चूक होते ते गळून पडले.

मात्र या चित्राच्या मांडणीविषयी माझी तक्रार आहे. त्यात जांभळ्या रंगाचा एक मोठा ढग पसरलेला आहे आणि पाहणाऱ्याला वाटते, हेच ते कृष्णविवर! वस्तुतः तो ढग पुढच्या समूहातल्या तप्त वायूचा आहे. कथानायक बिचारा कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीत एका ठिपक्याएवढा आहे. चित्राखालचा मजकूर वाचणाऱ्याला हे कळते. पण मजकूर वाचतो कोण? शिवाय कृष्णविवराचे ते वजन क्ष-किरणांच्या तेजावरून, काही गृहीतके धरून काढलेले आहे. म्हणून तर १ ते १० कोटी इतका पल्ला ठेवावा लागला. हा पल्ला लिहिण्यात शास्त्रज्ञांचा प्रामाणिकपणा आहे. तो गाळून फक्त मोठा आकडा छापणाऱ्याला काय म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे.

चौथे चित्र आपल्या घरचे आहे. त्याच आबेल २७४४ समूहाच्या दिशेने घेतलेल्या वेबच्या चित्रांत पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना एक सुरेख सर्पिल दीर्घिका सापडली. २०२५ च्या नोव्हेंबरात तिची वार्ता प्रसिद्ध झाली. दोन रेखीव बाहू, मध्ये तेजस्वी फुगवटा, सुमारे ३० हजार प्रकाशवर्षांचा व्यास. विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचे असताना अशी घडीव आकृती तयार झाली असेल, अशी अपेक्षा नव्हती. त्यांनी तिचे नाव ठेवले अलकनंदा. मंदाकिनी हे आपल्या आकाशगंगेचे जुने नाव. मंदाकिनी आणि अलकनंदा या हिमालयातल्या भगिनी-नद्या, रुद्रप्रयागला एकमेकींना भेटणाऱ्या. दूरच्या दीर्घिकेचे आपल्या दीर्घिकेशी असलेले साम्य एका शब्दात सांगणारे हे नाव क्रमांकांच्या गर्दीत उठून दिसते. टीकाकार म्हणून मी या नावाला पूर्ण गुण देतो.

पण आपल्या घरचे म्हणून मोजमापाची पट्टी बदलता कामा नये. या दीर्घिकेचे अंतर तब्बल २१ फिल्टरांतून केलेल्या मोजमापावर आधारलेले आहे. चार-सहा फिल्टरांच्या अंदाजापेक्षा हा पाया कितीतरी भक्कम. तरी ती तबकडी कशी फिरते, तिचे बाहू कशामुळे उठले, हे केवळ चित्रावरून कळत नाही. त्यासाठी तिच्या अंगोपांगांचे वर्णपट घ्यावे लागतात, आणि तेच पुढचे पाऊल आहे असे खुद्द संशोधकही सांगतात. अभिमान बाळगावा, पण तो असा, पुढच्या परीक्षेची वाट पाहणारा.

राहता राहिला ‘सिद्धांत कोसळला’ म्हणणाऱ्यांचा प्रश्न. महास्फोटावर शंका घेणे हा काही गुन्हा नव्हे. नारळीकरांनी ती जन्मभर घेतली. फ्रेड हॉईल यांच्यासह त्यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह स्थिर विश्वाच्या कल्पनेला नवे रूप दिले. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ते पटले नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या विरोधामागे समीकरणे होती, भाकिते होती, आणि प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून चांगले समजून घेण्याची तयारी होती. एखाद्या तांबड्या ठिपक्याच्या मथळ्यावरून विश्वाचा निकाल लावणाऱ्यांनी त्यांच्या नावाचा आधार घेऊ नये. वेबच्या निरीक्षणांनी जे हादरले आहे ते दीर्घिका व कृष्णविवरे किती वेगाने वाढतात याविषयीचे आपले हिशेब. विश्वाच्या प्रसरणाची कल्पना त्यामुळे मोडीत निघालेली नाही.

तेव्हा माझा अभिप्राय असा. ही चित्रे या युगाची मोठी कलाकृती आहेत, आणि ती घरात अवश्य लावावीत. परंतु दिवाळीच्या सुटीत मुलांनी असे एखादे चित्र पुढे आणले तर ‘वा!’ म्हणून थांबू नये. त्यांना तीन प्रश्न विचारावयास शिकवावे : हे रंग कोणत्या संकेताने दिले आहेत? यात आकाशाचे किती आणि दुर्बिणीचे किती? आणि या ठिपक्याचा वर्णपट घेतला आहे काय? उत्तर ‘अजून नाही’ असे आले तर तो ठिपका उमेदवार समजावा आणि निकालाची वाट पाहावी. ज्या प्रकाशाने आपल्यापर्यंत येण्यासाठी तेरा अब्ज वर्षे प्रवास केला, त्याच्यासाठी आणखी एक-दोन वर्षे थांबणे आपल्याला जड जाऊ नये.